पाणी मागणारा देव



ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराची ओढ कशी असते, हा आजचा विषय. ही ओढ सांगायची वेळ आली की बायबल सगळ्यात आधी तहानेकडे वळते. स्तोत्रांत तहान आहे, संदेष्ट्यांच्या वाणीत तहान आहे, शुभवर्तमानात आहे आणि शेवटच्या प्रकटीकरणाच्या पुस्तकातही आहे. पण महाडात उभे राहून तहानेविषयी बोलायचे तर माणसाने जपून बोलावे. २० मार्च १९२७ रोजी या गावात हजारो माणसे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून चवदार तळ्यापर्यंत चालत गेली आणि त्यांनी ओंजळभर पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा रावबहादूर बोले यांचा ठराव कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले होते. कागदावर सगळे मोकळे होते. तरीही पाणी पिणाऱ्यांवर हल्ले झाले आणि मागाहून तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले. न्यायालयाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले.

या प्रसंगातली एक गोष्ट ख्रिस्ती माणूस म्हणून मला फार बोचते. त्या तळ्यावर मुसलमानांना, परधर्मीयांना मज्जाव नव्हता. म्हणजे तोच माणूस, तेच हात, तीच तहान. धर्म बदलून आला असता तर त्याला कोणी अडवले नसते. पाण्यासाठी देव बदलावा लागत असेल, तर त्या बदलाला ईश्वराची ओढ कसे म्हणायचे? तो हिशेब झाला, आणि हिशेब करायला माणसाला भाग पाडणारी व्यवस्था क्रूर होती. बाबासाहेबांनी तो हिशेब नाकारला. पाण्यावरचा हक्क माणूस म्हणून आहे, असे ते म्हणाले, आणि पुढे १९५६ साली त्यांनी बुद्धाचा जो मार्ग घेतला त्यात ईश्वराला जागाच नाही. म्हणून चवदार तळ्याला ख्रिस्ती अर्थ चिकटवण्याचे धाडस मी करणार नाही. मला उलट्या दिशेने जायचे आहे. या तळ्याच्या काठावर बसून मला माझेच शास्त्र वाचायचे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घ्या. येशू शोमरोनातून चालला आहे. दुपारची वेळ, चालून चालून थकलेला, सूखार गावाजवळच्या याकोबाच्या विहिरीवर तो टेकतो. शिष्य अन्न आणायला गावात गेलेत. एक शोमरोनी बाई हंडा घेऊन येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, त्यांच्या भांड्याला भांडे लागू देत नसत. हे सगळे त्या बाईला ठाऊक आहे, येशूलाही ठाऊक आहे. आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

किती सहज वाचून जातो आपण हे! चर्चमध्ये या अध्यायावर प्रवचन झाले की उपदेशक लगेच पुढच्या भागावर जातात. येशू तिला जिवंत पाण्याबद्दल सांगतो, तिच्या पाच नवऱ्यांची गोष्ट काढतो, ईश्वराची उपासना या डोंगरावर की यरुशलेमेत हा वाद सोडवतो. पण सगळ्याची सुरुवात त्याच्या मागण्याने होते. त्याच्याजवळ पोहरा नाही. विहीर खोल आहे. पाणी तिच्या हातात आहे, आणि ते ज्या भांड्यात आहे त्याचा विटाळ मानायचा असे त्याच्या समाजाने त्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. तो आधी तिची तहान भागवत नाही. तो आधी आपली तहान तिच्यापुढे ठेवतो.

मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा इथेच आहे. ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराची ओढ माणसापासून सुरू होत नाही. आपण देवाला शोधायला निघालो असे आपल्याला वाटते, पण तो आधीच आपल्या विहिरीवर येऊन बसलेला असतो, आणि तोही रिकाम्या हातांनी. हाच योहान पुढे वधस्तंभाचे वर्णन करतो तेव्हा मरणाऱ्या येशूच्या तोंडी तहानेचा उद्गार पुन्हा घालतो. मदर तेरेसांच्या भगिनींच्या प्रत्येक प्रार्थनागृहात क्रूसाजवळ तोच उद्गार लिहिलेला असतो. दिवसभर दुसऱ्यांना पाणी पाजून आलेल्या त्या बायका संध्याकाळी तहानलेल्या देवासमोर बसतात.

आता थोडे तुमच्या नदीविषयी. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते, पोलादपुरावरून, महाडावरून वाहत बाणकोटला समुद्राला मिळते. या खोऱ्यात भक्तीचे पाणी कधी आटले नाही. शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. गंधारपाल्याच्या लेण्यांत त्याआधी कित्येक शतके भिक्षू राहून गेले. पंढरीची वाट तर गावोगाव तुडवलेली. ख्रिस्ती नाव या खोऱ्यात आले ते समुद्राच्या बाजूने. १८२३ साली डोनाल्ड मिचेल हे स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले आणि त्याच वर्षी वारले. पुढे १८२९ मध्ये आलेल्या जॉन विल्सन यांनी मराठीचे पहिले धडे बाणकोट-हर्णैच्या किनाऱ्यावर गिरवले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला त्यांचेच नाव आहे. ही माणसे इंग्रजी राज्याच्या आधाराने आली, हे झाकायचे कारण नाही. त्यांनी शाळा काढल्या, व्याकरणे केली, इथल्या दैवतांवर टीकाही भरपूर केली. पण त्यांचा देव इथल्या माणसांच्या काळजाला भिडला तो त्यांच्या वादविवादांमुळे भिडला असे मला वाटत नाही. ज्यांना तो भिडला, त्यांच्या मनात ओढ आधीपासूनच होती, आणि ती याच मातीत रुजलेली होती.

पंडिता रमाबाईंचे घ्या. जन्म १८५८ चा, गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. हे कुटुंब तीर्थामागून तीर्थे पायी हिंडले, देवळांत बसून पुराणे सांगत राहिले आणि दुष्काळात अन्नाला महाग झाले. मरणापूर्वी वडिलांनी या धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की तुला मी देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच राहा, त्याचीच सेवा कर. ही आठवण रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवली आहे, आणि ती लिहिताना त्या कितीतरी वर्षांपासून ख्रिस्ती होत्या. एका वैष्णव शास्त्र्याची शेवटची प्रार्थना आपल्या आयुष्यात देवाने ऐकली, असेच त्या मानत राहिल्या. धर्मांतराकडे आधीचे सगळे पुसून टाकणारी घटना म्हणून पाहणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही बाजूचे असोत, ही साक्ष एकदा वाचावी.

त्या साक्षीत याहून मोठी एक कबुली आहे. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, विधवांना शिकवले, जगभर त्यांचे नाव झाले. आणि मग काही वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त अजून भेटलेला नाही. हे लिहायला किती धैर्य लागले असेल! चर्चने त्यांना आपले म्हणून मिरवले होते, पुण्यातल्या सुधारकांनी त्यांच्याशी नाते तोडले होते, दोन्हीकडून किंमत मोजून झाली होती. आणि आतली तहान जशीच्या तशी. या कोरडेपणातून बाहेर पडताना त्यांनी काम सोडले नाही. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना, बायकांना केडगावला घेऊन आल्या. मुक्तिसदन उभे राहिले ते असे. १९०५ साली केडगावात मोठे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची कीर्ती आजही पाश्चात्त्य जगातले अभ्यासक सांगतात. रडत प्रार्थना करणाऱ्या त्या मुली दुष्काळातून वाचलेल्या होत्या, हे सांगायला मात्र ते पुष्कळदा विसरतात. पोटाची आग आणि देवाची तहान या मुलींना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवता आल्या नसत्या.

नारायण वामन टिळक तर कोकणचेच, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. आई भक्तिमार्गी, तिचा ओढा गाण्याकडे आणि देवाकडे, वडील तापट. आई लवकर गेली. मुलगा घर सोडून निघाला तो पुढे कुठेच फार काळ टिकला नाही. गाव बदलावे, नोकरी बदलावी, विचार बदलावा. पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त हा अस्वस्थ माणूस इतका जिवंत आहे की वाचताना त्याचा राग येतो आणि लगेच मायाही वाटते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत त्यांना एक गोरा प्रवासी भेटला, गप्पा झाल्या आणि त्याने नवा करार हातात ठेवला. टिळक वाचत वाचत मत्तयाच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथवरची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पुढचे फारसे सांगितले जात नाही. टिळकांना चर्चमध्ये आल्यावर करमेना. मिशनच्या पगारावरचे उपदेशक, विलायती चाली, भाषांतरित गाणी. देवाला हाक मारायची ती परक्या सुरात. त्यांच्या कानात तुकोबा होते. तुकोबांच्या वाटेनेच मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते उघडपणे सांगत. मग त्यांनी अभंग लिहिले, आरत्या लिहिल्या, कीर्तने केली. आज मराठी ख्रिस्ती मंडळी रविवारी 'उपासना संगीत' हे गीतांचे पुस्तक उघडते तेव्हा त्यातली कितीतरी गाणी टिळकांची असतात, आणि ती गाताना म्हाताऱ्या माणसांचे डोळे मिटतात ते पंढरीच्या वाटेवरच्या माणसासारखेच. आमच्या घरी ती चूल पेटवताना म्हटली जात. मला देवाची पहिली ओळख त्यांतून झाली आणि तेव्हा ती कोणाची आहेत हे मला ठाऊकही नव्हते.

या सगळ्यात लक्ष्मीबाईंना काय झाले? नवरा ख्रिस्ती झाला आणि त्यांचे जगच फुटले. काही वर्षे ताटातूट, नंतर एका गावात पण वेगळी चूल, वेगळे पाणी, सोवळे-ओवळे सगळे सांभाळून. त्या टिळकांच्या मागून धर्मात ओढल्या गेल्या नाहीत, हे मी आवर्जून सांगतो. त्यांना वळण मिळाले ते एका साध्या प्रश्नाने. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांसारखी माणसांत काही खूण दिसली असती. विचार करता करता त्यांची खात्री पटली, आणि सोवळे गळून पडले. कोणाच्याही हातचे पाणी चालू लागले. ख्रिस्ती होण्याचा निर्णय त्यानंतरचा, बाप्तिस्मा १९०० सालचा. क्रम लक्षात घ्या. आधी दुसऱ्या माणसाचे भांडे, मग देव. सूखारच्या विहिरीवर घडले तेही याच क्रमाने.

आणि म्हणून मला माझ्या मंडळीविषयी दुःखाने बोलावे लागते. जातीतून सुटायला ज्यांच्या आजा-पणजांनी चर्चची वाट धरली, त्यांच्या घरीसुद्धा सोयरीक ठरवताना जुनी जात विचारली जाते. उपासनेत आम्ही एका प्याल्यातून द्राक्षरस घेतो आणि लग्नाच्या बोलणीत पूर्वीचा वाडा शोधतो. देवाची ओढ आहे असे म्हणणाऱ्याने हे चालवून घेऊ नये. योहानाच्याच पहिल्या पत्रात स्पष्ट बजावले आहे की दिसणाऱ्या भावावर प्रेम न करणाऱ्याने न दिसणाऱ्या देवावरच्या प्रेमाच्या गोष्टी करू नयेत. ज्या गावात तळ्याच्या पाण्यासाठी माणसांची डोकी फुटली, त्या गावात हे वचन मला फार जड वाटते.

आता ओढीच्या दुसऱ्या अंगाकडे येतो. ते अधिक अवघड आहे. स्तोत्रसंहितेतले ४२ वे स्तोत्र प्रसिद्ध आहे, पाण्यासाठी धापा टाकणाऱ्या हरिणीचे. भिंतीवरच्या तसबिरींत ती हरिणी नितळ ओढ्याकाठी उभी असते. स्तोत्रात मात्र तिला पाणी मिळालेले नाही. ते गाणारा माणूस देवळापासून लांब पडला आहे, रात्रंदिवस रडतो आहे, आणि लोक त्याला टोचून विचारत आहेत की तुझा देव कुठे गेला. याच स्तोत्रात पुढे धबधब्यांचा गर्जणारा आवाज येतो आणि सगळ्या लाटा त्याच्या अंगावरून जातात. आषाढात शिवथरच्या घळीत जो उभा राहिला आहे त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. बाहेर पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तहानलेला माणूसच पाण्यात बुडतो आहे, हे त्या कवीला एकाच गाण्यात म्हणावेसे वाटले.

या तालुक्यांना ही अवस्था ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्री महाड पुरात बुडाले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे घेतली. त्याआधी २००५ साली दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथेही दरडी कोसळल्या. २०१६ साली सावित्रीवरचा पूल वाहून गेला. ज्या घरातली माणसे मातीखाली राहिली त्या घराला ईश्वराच्या ओढीचे काय सांगायचे? मी तरी त्यांना समजूत घालणारे वचन सांगणार नाही. मी ८८ वे स्तोत्र दाखवीन. त्यात आशेची एकही ओळ शेवटी येत नाही. माणूस देवाला हाका मारत राहतो आणि स्तोत्र अंधारातच संपते. ज्यांनी बायबल जमवले त्यांनी ते वगळले नाही, दुरुस्त केले नाही, शेवटी एखादे स्तुतीचे कडवे जोडले नाही. देवाशी भांडणे, त्याला जाब विचारणे हाही ओढीचाच प्रकार आहे असे त्यांनी मानले. ज्याची पर्वा नाही त्याच्याशी कोण भांडतो? येशूनेही मरताना २२ व्या स्तोत्राची सुरुवात उच्चारली, आणि ते स्तोत्र देवाने टाकून दिल्याच्या आक्रोशाने सुरू होते.

मदर तेरेसांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हते. काहींनी त्याला ढोंग म्हटले. मला ते तुमच्याकडच्या वैशाखातल्या बायकांसारखे वाटते. इतका पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत टँकरची वाट पाहावी लागते, आणि झऱ्यावर बसून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. झरा भरायला वेळ लागतो म्हणून कोणी तो सोडून उठत नाही. आठ-आठ वाट्या पाण्यासाठी रात्र काढलेल्या बाईला पाण्यावर विश्वास नाही असे कोण म्हणेल?

चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरींनी मोशेच्या चरित्रावर लिहिताना एक विचार मांडला, तो माझ्या मनातून जात नाही. देवाचे दर्शन झाल्यावर ओढ संपते असे आपण समजतो. ग्रेगरी म्हणतात, तसे नाही. देव अनंत आहे म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्याची ओढही प्रत्येक पावलाला वाढते, आणि ती कधीच न भागणे यालाच दर्शन म्हणावे. रमाबाई आणि टिळक यांच्या आयुष्यांकडे या नजरेने पाहा. बाप्तिस्मा हा त्यांचा मुक्काम ठरला नाही. तिथून खरी पायपीट सुरू झाली.

टिळकांनी तर उतारवयात सगळे पुन्हा मोडले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तुमच्या आंबेनळी घाटाच्या पलीकडेच ही घटना घडली. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसावेत, अशी त्यांची कल्पना होती. चर्चमधल्या कित्येकांना ती पटली नाही. सभासद कोण हे नोंदवहीने ठरायचे की ओढीने, हा त्यांचा प्रश्न होता. मला स्वतःला बाप्तिस्मा मोलाचा वाटतो. तो माझ्या आयुष्यातला आधार आहे. तरीही या प्रश्नात टिळकांचे पारडे जड आहे असे मी मानतो. शोमरोनी बाईकडे नोंदवही मागितली गेली नव्हती, आणि गावाला येशूची बातमी देणारी पहिली व्यक्ती तीच ठरली. हंडा विहिरीवरच टाकून ती धावत गेली.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. दरबार रुजायला वेळच मिळाला नाही. येशूचे चरित्र ओव्यांत सांगणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले होते, तेही दहा-अकरा अध्यायांवर थांबले. १६१६ साली गोव्यात फादर स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' छापले होते. तीनशे वर्षांनी तो धागा पुन्हा कोणी उचलला होता आणि तो तुटला. शाळेत कधी न गेलेल्या, लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी तो आपल्या हाती घेतला. वैधव्य, पैशांची ओढाताण, माणसांची वर्दळ, या सगळ्यांत त्या ओवीमागून ओवी रचत राहिल्या. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, तोवर त्यांनी 'ख्रिस्तायना'त चौसष्ट अध्यायांची भर घालून ते पूर्ण केले होते. ज्या ख्रिस्ताने आपला संसार मोडला असे त्यांना एकेकाळी वाटले होते, त्याचेच चरित्र.